नंबर कुठल्या राज्याचा?

सकाळी साडेसहा

पावसाळ्यातला शनिवार, आणि दिवसाचा पहिला पेशंट कर्नाटकात. इथं लोणावळ्याच्या भांगरवाडीत वाढलेला, आता बेंगळुरूला नोकरी करणारा मुलगा व्हिडिओ कॉलवर मला खोकून दाखवतो. त्याचा दमा मी तो शाळेत असल्यापासून बघते आहे, त्यामुळे नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळं सांगायचा त्याला कंटाळा. पंप दिवसातून किती वेळा लागतो, रात्री उठून बसावं लागतं का, जिना चढताना बोलता येतं का, एवढं विचारते, औषध लिहिते, सही-शिक्का करून कागदाचा फोटो पाठवते.

माझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं, पेशंट बेंगळुरूत, औषध देणारं दुकानही तिथलंच. चालतं का हे? चालतं. 25 मार्च 2020 ला, देशभर टाळेबंदीचा पहिला दिवस उजाडला तेव्हाच, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. नोंदणीकृत डॉक्टर भारताच्या कुठल्याही भागातल्या पेशंटला दुरून सल्ला देऊ शकतो, असं त्यांत स्वच्छ लिहिलेलं आहे. बंधनं आहेत ती औषधांवर. पेशंट पहिल्यांदाच बघत असाल तर काही औषधं व्हिडिओवर चेहरा पाहिल्याशिवाय लिहिता येत नाहीत. शेड्यूल एक्समधली आणि अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं तर दुरून कुणालाच नाहीत.

आता हाच मुलगा मी उद्या बेंगळुरूला जाऊन, समोर बसवून, छातीला स्टेथोस्कोप लावून तपासायला लागले, तिथं आठवड्यातून एकदा खुर्ची टाकून बसले, तर लगेच कर्नाटक मेडिकल कौन्सिल मध्ये येते. लांबून तपासायला मोकळीक आणि जवळून तपासायला अडचण! आमच्या धंद्यातला हा विनोद दिवसभर पाठ सोडत नाही.

सकाळी आठ

दवाखाना बाजारातून भुशीकडे जाणाऱ्या रस्त्याला. याच रस्त्यावर पुढे आयएनएस शिवाजी, नौदलाच्या इंजिनिअरांचं शिक्षण होतं ते ठिकाण. 1945 पासून इथंच आहे. त्यामुळे लोणावळ्यात एक वस्ती कायम बदलती असते. अधिकारी येतात, दोन-तीन वर्षं राहतात, मुलांच्या शाळेचे दाखले काढून विशाखापट्टणमला नाहीतर कोचीला निघतात. त्यांच्या बायकांमध्ये दरवेळी एखादी डॉक्टर निघतेच.

सध्या माझ्याकडे अशीच एक येते. कोळीकोडला शिकलेली, हात हलका, मुलांच्या बाबतीत माझ्यापेक्षा धीराची. ती आली की आधी चहा, मग तिची फाईल. फाईल बघण्यासारखी आहे. सर्वांत वर त्रावणकोर-कोचीन मेडिकल कौन्सिलचं सर्टिफिकेट. संस्थानं विलीन होऊन किती पिढ्या झाल्या, पण केरळच्या डॉक्टरांच्या कागदावर त्रावणकोर-कोचीन परवापरवापर्यंत नांदत होतं. त्याखाली आंध्रची नोंदणी, कारण नवऱ्याचं पहिलं पोस्टिंग विशाखापट्टणम. मग पदवी, इंटर्नशिपचा दाखला, ना हरकत पत्र आणि ‘गुड स्टँडिंग’. म्हणजे हिच्यावर कुठली चौकशी चालू नाही, असं जुन्या कौन्सिलनं नव्या कौन्सिलला कळवायचं. आपण चांगले आहोत हे आपण सांगून चालत नाही. पहिल्या घरानं दुसऱ्या घराला पत्र लिहावं लागतं.

“मॅडम, आंध्र का ना हरकत आ गया, लेकिन उसपे शादी के पहले का नाम है,” ती सांगते. मराठी तिला समजतं, बोलायची अजून भीड वाटते.

“मग लग्नाचा दाखला जोड आणि प्रतिज्ञापत्र कर,” मी म्हणते. “सगळ्याच बायकांचं होतं हे.”

“तब तक इनकी अगली पोस्टिंग आ जाएगी.”

हे ती हसत म्हणते, पण खोटं काहीच नाही. तिचा नवरा नौदलात आहे म्हणून तिला कारवारला, मुंबईला, पोर्ट ब्लेअरला जावं लागणार. नौदलाच्या रुग्णालयातला डॉक्टर गणवेशात असेपर्यंत देशभर कुठल्याही तळावर पेशंट तपासतो, त्याला कुणी विचारत नाही. त्याच तळाबाहेर शंभर पावलांवर दवाखाना उघडू पाहणाऱ्या डॉक्टर बाईला मात्र दर बदलीला नव्या राज्याच्या दारात उभं राहावं लागतं. माझ्याकडे ती बसते, तपासते, तिचं निदान मी ऐकते आणि कागदावर सही मी करते. तिला याचा किती त्रास होतो ते तिच्या बोलण्यात येत नाही. सही करायची वेळ आली की ती पेन माझ्याकडे सरकवते, तेव्हा दिसतं.

दहा ते एक

शनिवार-रविवारी भुशी धरण भरून वाहायला लागलं की आमची ओपीडी अर्धी परगावची. रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं हे धरण. आता त्याच्या पायऱ्यांवरून पाणी पडतं आणि त्या पाण्यात बसायला मुंबई, पुणे, सुरत, नाशिक सगळं लोटतं. शेवाळावरून पाय सटकला की माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. भुवई फुटणं, गुडघा सोलवटणं, गार भिजून पोराला ताप, गाडीत उलट्या, हे नेहमीचं. 30 जून 2024 ला धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हापासून पोलिसांच्या शिट्ट्या वाढल्या आहेत. लोकांचं धाडस फारसं कमी झालेलं नाही.

आज सुरतेचा एक मुलगा. उजव्या भुवईवर दोन बोटं लांब जखम, कडा स्वच्छ, आत बारीक वाळू. सलाईननं धुऊन वाळू निघेपर्यंत वेळ लागतो. टाक्याला त्यामानानं काही नाही. आई हात धरून बसली आहे. वडील मात्र मोबाईलमध्ये. मला वाटलं विम्याचं बघतायत. टाके संपले आणि त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

“डॉक्टर, आपका नंबर डाला तो तीन डॉक्टर आ रहे हैं. आप कौन सी हैं?”

भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा फोटो काढून त्यांनी माझा रजिस्ट्रेशन नंबर देशाच्या यादीत शोधला होता. मला राग आला नाही. उलट असा पेशंट विरळा. माझा नंबर पाच आकडी, जुन्या काळातला. प्रत्येक राज्याच्या कौन्सिलनं आपापली मोजणी पहिल्यापासून सुरू केली, त्यामुळे तोच आकडा दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या सर्जनचा, तिसऱ्या राज्यातल्या कुणा निवृत्त बाईंचाही. नुसत्या नंबरावरून डॉक्टर सापडत नाही. नंबरापुढे कौन्सिलचं नाव लागतं. मी त्यांना यादीत ‘महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल’ निवडून दाखवलं. एकच नाव राहिलं. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा नाव वाचलं. आडनाव माहेरचं होतं. त्याचीही कहाणी सांगितली.

मग त्यांचा खरा प्रश्न आला. तुमचं प्रिस्क्रिप्शन सुरतेत चालेल का? चालतं. औषधांचे नियम 1945 चे, केंद्राचे, सगळ्या देशाला एकच. नोंदणीकृत डॉक्टरची सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता असला की दुकानदारानं राज्य बघायचं कारण नाही. टाके सुरतेच्या डॉक्टरकडे काढा म्हणून सांगितलं आणि त्या डॉक्टरसाठी चिठ्ठी दिली. चिठ्ठी, औषध, पेशंट, जखम, सगळं विनातक्रार राज्याची हद्द ओलांडतं.

दुपारी दीड

जेवताना फोन मिरजेहून, वर्गमित्राचा. हाडांचा डॉक्टर. दर गुरुवारी अथणीला ‘व्हिजिटिंग’ जातो.

मिरजेचं असं की वॉन्लेस डॉक्टरांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून बेळगाव-विजापूरकडचा पेशंट रेल्वेनं मिरजेला येतो. हद्द 1956 मध्ये पडली. पेशंटला ती कधी दिसलीच नाही. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, तिथून कर्नाटक. पेशंट इकडं येतो तोवर कुणाचं काही म्हणणं नाही. डॉक्टर तिकडं जायला लागला की कागद.

“तुला सांगतो, तिथल्या हॉस्पिटलवाल्यानं विचारलं, कर्नाटकचा नंबर हाय का,” तो म्हणाला. “त्याचंबी बरोबर. त्याची नोंद तिकडच्या 2007 च्या कायद्याखाली, त्याला कोण कोण डॉक्टर येतात ते दाखवायला लागतं.”

“मग घे की.”

“घे काय? ना हरकत घेतली की इकडचं नाव कमी व्हायची भानगड. मला हलवायचं न्हाई गं, मला दोन्हीकडं पाहिजे. माझा गाडीचा परवाना एमएच-10 चा, तो घेऊन मी अथणीपर्यंत गाडी चालवत जातो, कुणी आडवत न्हाई. गाडीतनं उतरल्यावर मात्र मी डॉक्टर न्हाई.”

त्याच्या त्राग्यात कायद्याचा एक जुना धागा आहे. 1956 च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याचं 27 वं कलम सांगत होतं, की ज्याचं नाव देशाच्या नोंदवहीत आहे त्याला देशाच्या कुठल्याही भागात प्रॅक्टिस करायचा हक्क आहे. आणि राज्याच्या कौन्सिलकडे नोंदलेलं नाव देशाच्या नोंदवहीत जातंच. मग अडलं कुठे? राज्याचे कायदे आपापल्या नोंदवहीवर बोट ठेवून बसले, आणि वहिवाट अशी पडली की राहतं राज्य बदललं की नाव हलवा. 25 सप्टेंबर 2020 ला जुनी कौन्सिल जाऊन नॅशनल मेडिकल कमिशन आलं. 2019 च्या नव्या कायद्यात वाक्य आहे: राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय प्रॅक्टिस नाही. त्यातला तो ‘किंवा’ प्रत्येकजण आपल्या सोयीनं वाचतो.

मे 2023 च्या नियमांत मात्र माझ्या मित्राला हवं ते आहे. प्रत्येक डॉक्टरला देशभरात एकच ओळख क्रमांक, परवाना पाच वर्षांचा, आणि त्याच क्रमांकावर दुसऱ्या राज्याचीही परवानगी मागायची सोय. हलवायचं नाही, जोडायचं. कागदावर उत्तम. मी त्याला तसं म्हटलं.

“कागदावर,” तो म्हणाला आणि पुढं गप्प झाला. मग त्यानंच एक खरी गोष्ट काढली. “पर बघ, अथणीतल्या म्हातारीच्या खुब्याचं माझ्या हातनं काही बिघडलं, तर तिच्या पोरानं तक्रार कुठं करायची? मुंबईला?”

इथं माझं मत त्याच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. राज्यांच्या कौन्सिल मोडीत काढून दिल्लीत एकच खिडकी उघडा असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. कौन्सिल ही डॉक्टरांना शिक्का देणारी कचेरी आहे, तशीच पेशंटची तक्रार ऐकणारीही. ती पेशंटच्या बसच्या टप्प्यात असलीच पाहिजे. म्हणून जिथं पेशंट तपासतो तिथल्या राज्याला डॉक्टरची नोंद माहीत असावी, हे मागणं रास्त आहे. रास्त नाही ती त्या नोंदीला लागणारी महिनोन्‌महिन्यांची वाट. एका कौन्सिलनं पारखून घेतलेली पदवी दुसरीनं पुन्हा पहिल्यापासून का पारखायची?

दुपारी तीन

कागदांची वेळ. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट. ते व्याख्यानांना बसून मिळवायचे. व्याख्यान पुण्यात असतं नाहीतर तळेगावात. कौन्सिलचा निरीक्षक मागे खुर्ची टाकून बसलेला असतो आणि जेवणाची सुट्टी झाली की हळूच पळणाऱ्यांकडे बघत असतो. मला ही सक्ती मान्य आहे. पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या औषधांवर लोकांना कुणी जगवू नये.

नव्या राष्ट्रीय नोंदवहीचं पोर्टल ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झालं. देशात ॲलोपॅथीचे 13 लाखांहून अधिक नोंदणीकृत डॉक्टर, त्या सगळ्यांनी आधारवरून आपली ओळख पटवून त्यात यावं अशी अपेक्षा. मी बसले. आधारवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पदवीवर माझं नाव, वडलांचं नाव, माहेरचं आडनाव. यंत्राला या दोन बायका वाटतात. आपल्याकडे मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, कधी सासरी पहिलं नावही बदलतात. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्यापुढे बहुधा सगळे डॉक्टर पुरुषच उभे होते. लग्नाचा दाखला, राजपत्रातली जाहिरात, जुन्या नोंदीतली दुरुस्ती, असं करत हे सुटतं. सुटेपर्यंत तिसरा चहा होतो.

हा गोंधळ काही आजचा नाही. मुंबई इलाख्यानं 1912 मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा केला, तेव्हा आजच्या महाराष्ट्रातला विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि मराठवाडा निजामाकडे. तिथल्या नोंदी वेगळ्या, कायदे वेगळे. 1960 मध्ये राज्य एक झालं तरी डॉक्टरांच्या वह्या एक व्हायला 1965 चा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल कायदा यावा लागला. नागपूर, औरंगाबाद आणि पुण्याचा डॉक्टर एका वहीत आला म्हणून काही आकाश कोसळलं नाही.

संध्याकाळी पाच

कुमार चौकापासून गाड्यांची रांग. पोलीस धरणावरून माणसं खाली उतरवायला लागलेत. आता आमची हक्काची माणसं येतात, कारण दिवसभर त्यांना धंद्यातून उठता येत नाही.

धरणाच्या वाटेवर भजी तळणारी बाई ओल्या फडक्यात हात गुंडाळून आली. कढईतल्या घाण्याचा शेवटचा झारा काढताना गिऱ्हाइकाचा धक्का लागला. मनगटापासून करंगळीपर्यंत कातडी पांढरी, मध्ये फोड. फडकं काढलं तर खाली हळद आणि टूथपेस्ट.

“पेस्ट कुणी लावली?”

“आवो, त्यो मुंबईचा डॉक्टर हुता ना गिऱ्हाइकात, त्यो म्हनला लावा.”

“तो डॉक्टर नव्हता.”

“म्हनला तर व्हता.”

वाहत्या पाण्याखाली हात धरून तिचा हात स्वच्छ करेपर्यंत ती त्या गिऱ्हाइकाचे पार्सलचे पैसे राहिल्याचं सांगत होती. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी केली, आठ दिवस कढईपाशी जायचं नाही म्हटलं. ती जाणार हे दोघींनाही माहीत.

तिच्यामागून बिहारचा एक गवंडी. तुंगार्लीकडे बंगल्याच्या कामावर आहे. गावाकडच्या डॉक्टरनं लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला. त्यावर डॉक्टरचं नाव, चार पदव्या, मोबाईल नंबर, दवाखान्याची वेळ, देवाचं चित्र. रजिस्ट्रेशन नंबर नाही. औषधं तीन, त्यातलं एक स्टेरॉइड, कधीपर्यंत घ्यायचं ते लिहिलेलं नाही. हा कागद लिहिणारा कुणी पदवीधर आहे की कंपाउंडर, हे शोधायला मला काही धरायलाच नाही. नंबर असता तर राज्य कुठलंही असो, शोधलं असतं, गरज पडली तर फोन केला असता. स्टेरॉइड एकदम बंद करता येत नाही. हळूहळू कमी करायचा तक्ता हिंदीत लिहून दिला, खाली माझा नंबर आणि ‘महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल’ पूर्ण अक्षरांत. उद्या तो छपऱ्याला गेला तर तिथल्या डॉक्टरला मला शोधता आलं पाहिजे.

रात्री साडेनऊ

न्यू जर्सीत त्या वेळी दुपार व्हायची असते. बहीण तिथं फॅमिली फिजिशियन आहे. तिला दिवसभराचं सांगितलं की ती आधी हसते. अमेरिकेत परवाना राज्याचाच, आणि नियम असा की पेशंट ज्या जागी बसलाय त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे हवा. फोन आला की तिचा पहिला प्रश्न, “कुठं आहात तुम्ही आत्ता?” तब्येत नंतर. हडसन नदीपलीकडचं न्यूयॉर्क घरातून दिसतं, पण तिकडे गेलेल्या तिच्याच पेशंटला ती व्हिडिओवर औषध लिहून देऊ शकत नाही.

तिथं 2017 पासून राज्यांनी आपसात करार करून एक वाट काढली आहे. चाळीसहून अधिक राज्यं आता त्यात आहेत. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया अजून बाहेर. डॉक्टरनं मूळ राज्यात एकदाच अर्ज करायचा, 700 डॉलर भरायचे, त्या राज्यानं कागद तपासून पात्रतेचं पत्र द्यायचं, आणि मग हव्या त्या राज्यांनी त्या पत्रावर आपापला परवाना द्यायचा. फी प्रत्येकाची वेगळी. पैसे जातात, पण पदवी पुन्हा कुणी उलगडून बघत नाही. आणि पेशंटला तक्रारीसाठी आपल्याच राज्याचं दार राहतं.

“तुमच्याकडे तर मुळात देशाची एक नोंदवही आहे,” ती म्हणाली. “आमच्याकडे तीही नाही. तुम्हाला हे जास्त सोपं जायला हवं.”

बरोबर आहे तिचं. आपल्याकडे कायदा आहे, क्रमांकाची सोय आहे, पोर्टल आहे. कोळीकोडच्या मुलीची पदवी एकदा तपासून झालेली आहे; महाराष्ट्रानं तिचं नाव आठवड्याभरात जोडून घ्यावं आणि पुढच्या बदलीला पुढच्या राज्यानंही. अधिकाऱ्यांच्या बायका, सीमाभागातले व्हिजिटिंग डॉक्टर, दोडामार्गातून गोव्यात जाणारे, सोलापुरातून विजापूरला जाणारे, यांच्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. 2023 चा नियम वेळेची मर्यादा घालून पाळला तरी पुरे.

वाचणाऱ्यांना मात्र एक विनंती. घरातलं शेवटचं प्रिस्क्रिप्शन काढून बघा. 2002 च्या नियमांप्रमाणे दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवरही डॉक्टरनं रजिस्ट्रेशन नंबर लिहिणं बंधनकारक आहे. तो आहे का, आणि त्यापुढे कौन्सिलचं नाव आहे का, ते पाहा. नसेल तर पुढच्या वेळी विचारा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.